पॅड बांधून बसलेली माणसं

बाबांची एक कात्रणवही आहे. खरं तर ते हिशोबाचं जुनं रजिस्टर, मागची पानं कोरी होती म्हणून ऑफिसच्या रद्दीतून उचलून आणलेलं, आणि त्यात घरच्या खळीने चिकटवलेली पेपरातली क्रिकेटची कात्रणं. दादरच्या आमच्या चाळीत ज्याच्या त्याच्या दारामागे गावस्करचा फोटो असायचा, आमच्या वहीत मात्र पहिल्या पानापासून पद्माकर शिवलकर, मुंबईचा डावखुरा स्पिनर. मला वाटायचं हा इंडियाचा कुणीतरी जबरदस्त बॉलर असणार. चौथीत असताना वर्गात मोठ्या तोऱ्यात त्याचं नाव घेतलं तर एका मुलाने विचारलं, किती टेस्ट खेळला? मला माहीत नव्हतं. घरी येऊन बाबांना विचारलं. ते पेपर वाचत होते, मान वर न करता म्हणाले, "एकही नाही." मग पान उलटलं आणि म्हणाले, "त्याचा काय संबंध?"

हे 'त्याचा काय संबंध' मला चाळीस वर्षं पुरलंय.

शिवलकरचे आकडे मला पाढ्यासारखे पाठ आहेत, कारण बाबा ते पाढ्यासारखेच म्हणायचे. १२४ फर्स्ट क्लास मॅचेस, ५८९ विकेट्स, सरासरी १९.६९. एका इनिंगमध्ये पाच किंवा जास्त विकेट्स ४२ वेळा. आणि टेस्ट शून्य. मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं रणजी जिंकली ना, त्यातली शेवटची म्हणजे १९७२-७३ ची फायनल, मद्रासला चेपॉकवर, तामिळनाडूविरुद्ध. पीच असं की बॉल पडला की धूळ उडायची. मुंबई १५१ आणि ११३. एवढ्या रन्सवर फायनल जिंकायची म्हणजे काय गंमत आहे का, पण तामिळनाडू ८० आणि ६१. शिवलकर पहिल्या डावात १६ रन्समध्ये ८, दुसऱ्यात १८ मध्ये ५. दोन्ही डाव मिळून ३४ रन्स देऊन तेरा विकेट्स! ते कात्रण वहीच्या पाचव्या पानावर आहे, पिवळं पडून पापडासारखं झालंय, हात लावला तर तुटेल म्हणून बाबा त्या पानाला आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत.

बाबा स्वतः डावरे. एका कंपनीत अकाउंट्सला होते आणि पावसाळ्यात दर रविवारी कांगा लीग खेळायचे, अगदी खालच्या डिव्हिजनमध्ये. बाहेरच्यांना कांगा लीग समजावून सांगणं कठीण आहे. १९४८ पासून मुंबईत ऐन पावसात क्रिकेट खेळतात, पीच ओलं, आउटफिल्डला गुडघ्यापर्यंत गवत, कडकडीत ड्राइव्ह मारला तरी बॉल दहा पावलांवर गवतात जाऊन बसतो, मधेच सर आली की सगळे तंबूत पळतात आणि तिथे बटाटेवडे येतात. बाबा चिखलाने माखलेली पांढरी पॅन्ट घेऊन यायचे आणि आई ती वेगळ्या बादलीत भिजवायची, काही बोलायची नाही, पण बादली जरा जोरात ठेवायची.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बाबा मला शिवाजी पार्कला घेऊन जायचे. शिवाजी पार्क जिमखान्याच्या नेट्सच्या मागे उभं राहायचं, आणि नशिबात असेल तर शिवलकर दिसायचा, ज्याला मैदानावर सगळे पॅडी म्हणायचे. पन्नाशीच्या आसपासचा असेल तेव्हा. मला त्यात बघण्यासारखं काही वाटायचं नाही. चार पावलं यायचं, हात फिरवायचा, बॉल पडायचा. परत चार पावलं. बाबा कुजबुजायचे, "टप्पा बघ, टप्पा." मी टप्पा बघायचे. बॉल पडून पडून पीचवर एका जागी रुपयाएवढा गडद डाग झालेला असायचा. तो डाग मला आजही डोळे मिटले की दिसतो, शिवलकरचा चेहरा तेवढा स्पष्ट नाही दिसत.

शाळेत आम्हाला थोरामोठ्यांच्या चरित्रांचे धडे असायचे, त्यात हमखास एक वाक्य, 'आणि त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली'. गरिबी, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, मग कुणीतरी हेरलं, मग कलाटणी, मग कीर्ती. आताही मोबाइलवर लोक एकमेकांना तीच चरित्रं पाठवतात, फक्त दिव्याच्या जागी स्टार्टअप आलंय. मला त्या धड्यांचा राग नाही, पण शिवलकरचं आयुष्य त्यात कुठे बसवायचं ते मला कधी कळलं नाही. १९६२ मध्ये पहिली फर्स्ट क्लास मॅच. मुंबईच्या टीममध्येच आधी बापू नाडकर्णी, तोही डावखुरा स्पिनर, त्यामुळे इथेच जागा मिळायला वेळ लागला. आणि इथे जरा जम बसतोय तोवर १९६६ ला तिकडे टेस्ट टीममध्ये बिशनसिंग बेदी, डावखुराच, आला आणि १९७९ पर्यंत राहिला, ६७ टेस्ट, २६६ विकेट्स. शिवलकरची सगळी उमेदीची वर्षं बेदीच्या वर्षांखाली झाकली गेली, ग्रहण लागल्यासारखी. हरियाणाचा राजिंदर गोयल, तोही डावखुराच, त्याचीही तीच गत, फर्स्ट क्लासमध्ये ७५० विकेट्स आणि टेस्ट शून्य. सुनील गावस्करने आपल्या आवडत्या क्रिकेटर्सवर पुस्तक लिहिलं त्यात एकही टेस्ट न खेळलेल्या या दोघांना आवर्जून घेतलं, याचं बाबांना इतकं कौतुक की आम्हा मुलींच्या मार्कांचंही तेवढं नसेल.

कलाटणी नाही म्हणजे नाहीच. आणि तरी १९८७-८८ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, माणूस मुंबईसाठी पुन्हा दोन मॅचेस खेळला. लोक म्हणतात बघा काय जिद्द. मला जिद्द हा शब्द तिथे बरोबर वाटत नाही. जिद्द कशासाठी तरी असते, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी टेस्टचा कॉल येणार नाही हे त्याला माहीत नव्हतं का? मला वाटतं त्याला बॉल टाकायचा होता, बस्स.

बाबांचं यावर एका शब्दात उत्तर असायचं, नशीब. बेदीच्या काळात जन्माला आला, नशीब. आणि बरीच वर्षं मला हे उत्तर पटतही होतं, कारण बेदीने काही कुणाचं हिरावून नव्हतं घेतलं, तो खरोखरच तेवढा मोठा होता.

मग मी नोकरीला लागले. कुठे ते सांगत नाही, गरज नाही. तिथे अकरा वर्षं मी वरच्या पदाचं काम केलं, 'प्रभारी' म्हणून. सही माझी, जबाबदारी माझी, रात्री आठ-आठपर्यंत बसायचं मी, आणि दरवर्षी प्रमोशनची लिस्ट लागली की त्यात दुसरं कुणीतरी. पहिली दोन-तीन वर्षं मी बाबांसारखंच म्हटलं, नशीब. चौथ्या वर्षी ज्याला मी काम शिकवलं तो माझ्या वर बसला. त्या रात्री घरी येऊन बाबांशी भांडले, विनाकारण, जेवणाच्या ताटावर. म्हटलं सारखं नशीब-नशीब काय करता, लिस्ट काय देव काढतो का? माणसंच बसून काढतात ना? बाबा गप्प. मी म्हटलं, आणि पालवणकर बाळूंचं काय, ते पण नशीबच होतं का?

बाळूंचं नाव मला त्याच वहीतून माहीत झालेलं, एक छोटं कात्रण, शेवटी-शेवटी. पण बाकीचं मी नंतर स्वतः शोधून वाचलं होतं आणि वाचून आतून हलले होते. जन्म १८७६ चा, धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर पीच झाडायचं, रोलर फिरवायचं, मग इंग्रजांच्या क्लबात चार रुपये पगार. तिथे ग्रेग नावाचा इंग्रज बॅट्समन प्रॅक्टिसला यायचा, त्याला तासन्‌तास बॉल टाकायचे बाळू. टाकायचे फक्त. बॅट हातात मिळायची नाही. आणि टाकता टाकता त्या काळातले देशातले सगळ्यात भारी स्पिनर झाले, डावखुरेच. हिंदूंच्या टीमला मॅच जिंकायला ते हवे होते म्हणून घेतलं, पण टी टाइमला बाकीचे पॅव्हिलियनमध्ये कपबशीत चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. म्हणजे त्यांच्या हातचा बॉल चालायचा, अख्खी टीम तोच बॉल हाताळायची, पण कप नाही. मुंबईत आले, हिंदू जिमखान्याकडून खेळले, १९११ ला भारतीय टीम पटियालाच्या महाराजांच्या कॅप्टनशिपखाली इंग्लंडला गेली. टीम मार खात होती आणि हे एकटे टाकत होते, दौऱ्यात ११४ विकेट्स. पण हिंदूंच्या टीमचं कॅप्टन त्यांना कधीच केलं नाही. वर्षानुवर्षं नाही. १९२० ला त्यांना डावललं तेव्हा त्यांच्या दोघा भावांनी, विठ्ठल आणि शिवरामनी, आम्हीही खेळत नाही म्हणून सांगितलं, मग बोंबाबोंब झाल्यावर बाळूंना परत घेऊन व्हाइस कॅप्टन केलं. कॅप्टन झाला तो धाकटा विठ्ठल, १९२३ ला. तोवर बाळूंचे दिवस संपले होते.

हे नशीब नाहीये. थांबायला लागणं आणि थांबवलं जाणं यात फरक आहे, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं, माणूस पॅव्हिलियनमध्ये बसलेला. आपण त्याला संयमाचं सर्टिफिकेट देऊन मोकळे होतो. मला हे फार खुपतं. बाळूंना संयमी म्हटलं की ज्यांनी त्यांना बाहेर बसवलं त्यांचं नाव गळून पडतं, आणि पुढे मग फक्त एका गुणी माणसाची सोज्वळ गोष्ट उरते.

बाबा त्या रात्री बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाले, "बाळूंचं नशीब नव्हतं, बरोबर आहे तुझं." आणि मग, "पण बाळा, सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना काहीतरी म्हणावं लागतं ना." तेव्हा मला लक्षात आलं की बाबा स्वतः कधी कांगा लीगच्या वरच्या डिव्हिजनमध्ये गेले नव्हते. कंपनीच्या टीममध्येही त्यांना बहुतेक वेळा बारावा ठेवायचे. हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, मी कधी विचारलं नव्हतं, आणि ताटातला भात गार झाला होता.

डायना एडुलजी बाबांच्या वहीत नाहीत, हे मी त्यांना पुढे सुनावलं. कुलाब्याच्या रेल्वे कॉलनीत, बधवार पार्कात वाढलेल्या, पुन्हा डावखुऱ्या स्पिनर (मुंबईच्या मातीत डावऱ्या हातांना काहीतरी जास्त उगवतं की काय कळत नाही), २० टेस्टमध्ये ६३ विकेट्स. ज्या काळात देशाच्या टीममधल्या बायका ट्रेनच्या साध्या डब्यातून किटबॅग घेऊन मॅचला जायच्या, पैसे मिळायचे दूरच, कधी स्वतःच्या खिशातून घालायचे, त्या काळातल्या कॅप्टन. १९८६ ला भारताची कॅप्टन म्हणून इंग्लंडला गेलेली असताना लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये शिरू दिलं नाही, कारण बाई. बायकांचं क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं २००६ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी मी पहिल्यांदा ऑफिसच्या लिस्टमध्ये नाव शोधलं, त्याच वर्षी. तोवर डायनांचं खेळून कधीच संपलं होतं. इथेही नशीब म्हणायचं का?

आणि मग अमोल मुझुमदार.

त्याची गोष्ट सगळ्या मुंबईला तोंडपाठ आहे, तरी सांगते. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड ही शाळांची स्पर्धा, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, दोघांची ६६४ ची पार्टनरशिप. दोन दिवस ही दोघं खेळतायत आणि पुढचा बॅट्समन तेरा वर्षांचा अमोल पॅड बांधून बसलाय. बसूनच राहिला. तिघेही कोच आचरेकर सरांचे. सरांचं स्वतःचं काय, स्टेट बँकेकडून एक फर्स्ट क्लास मॅच, १९६३-६४ मधली. एकच. आणि शिवाजी पार्कवर जे त्यांनी उभं केलं ते सगळ्या जगाने पाहिलं. आता तिथे त्यांचं स्मारक आहे, मी जाता-येता नमस्कार करते, मनापासून.

त्या दिवशी अमोलला बॅटिंग मिळाली नाही हे लोक फार चवीने सांगतात, पुढे सगळं तसंच झालं म्हणून. पण तो दिवस नुसता दिवस होता. खरा जीव कासावीस करणारा भाग नंतरचा आहे. मुंबईकडून पहिल्याच मॅचमध्ये, हरियाणाविरुद्ध, २६०. पदार्पणात एवढे रन्स तेव्हा जगात कुणी केले नव्हते. बाबांनी ते कात्रण दोन पेपरांतून कापलं, एक फाटलं तर असावं म्हणून. सगळे म्हणायचे हा दुसरा सचिन. पण मधल्या फळीत पहिला सचिन होताच, मग द्रविड आला, गांगुली आला, लक्ष्मण आला. १७१ मॅचेस, ११,१६७ रन्स, ३० सेंच्युरी, आणि टेस्ट शून्य. वनडेही शून्य. शिवलकर घडून गेला होता, आम्हाला आधीच कळायला हवं होतं, पण दरवर्षी बाबा टीम जाहीर व्हायची त्या दिवशी रेडिओ जवळ घेऊन बसायचे आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

२००६-०७ मध्ये अमोल मुंबईचा कॅप्टन. सुरुवातीच्या तीन मॅच हरले. सेमीफायनलला बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात शून्यावर पाच आउट, हो, ०/५, मी चुकून लिहिलेलं नाही. आणि तिथून रणजी जिंकली, वानखेडेवर बंगालला हरवून. दोन-अडीच वर्षांनी तो मुंबई सोडून आसामकडून खेळायला गेला. ती बातमी बाबांनी कापली, चिकटवली आणि वही माळ्यावर टाकली. मी विचारलं नाही. पुढची सोळा वर्षं ती माळ्यावरच होती.

३ मार्च २०२५ ला शिवलकर गेला. ८४ वर्षांचा होता. बाबा आता ७९ चे, हात थरथरतो, संध्याकाळी मी मोसंबी सोलायला घेतलं तर ते त्यांनी हातातून घेतलं आणि पहिलं बोट, मधलं बोट ठेवून ग्रिप धरली, डाव्या हातात, आणि हात थरथरायचा थांबला. मी शपथेवर सांगते, थांबला. बराच वेळ तसेच बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा लेख होता, २०१७ मध्ये बीसीसीआयने त्याला आणि गोयलला सी. के. नायडू पुरस्कार दिला त्याचा उल्लेखही होता. मी म्हटलं कापून ठेवू का? म्हणाले, "नको. गेल्याची बातमी काय चिकटवायची."

त्याच वर्षी २ नोव्हेंबर. नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर वर्ल्ड कपची फायनल, आणि भारताच्या बायकांच्या टीमचा कोच अमोल मुझुमदार, २०२३ पासून. ऑक्टोबरमध्ये ओळीने तीन मॅच हरलो तेव्हा सोशल मीडियावर लोकांनी त्याला काय काय म्हटलं, जो स्वतः इंडियाला खेळला नाही तो काय शिकवणार वगैरे. मला इतकं लागलं ते, जणू आमच्या घरच्या माणसाला बोलले. बाबांना मी वाचून दाखवलं नाही. ते आपणच म्हणाले, "तीन हरलेत ना? २००७ ला पण तीन हरला होता." मग सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाचे ३३८ चेस केले, आपल्या वांद्र्याची जेमिमा नाबाद १२७, आणि म्हणे अमोलने ड्रेसिंग रूममधल्या बोर्डवर एवढंच लिहिलं होतं की फायनलला जायला त्यांच्यापेक्षा फक्त एक रन जास्त हवाय.

फायनल पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाली. बाबांना औषधं घेऊन साडेनऊला झोपायचं असतं, मी दोनदा म्हटलं झोपा आता, ऐकलं नाही. कांदिवलीची राधा यादव बॉलिंगला आली तशी खुर्चीत पुढे सरकले, डावखुरी म्हणून. तिला मार पडला तर म्हणाले, "टप्पा थोडा आखूड पडतोय," स्वतःशीच, पार्कात कुजबुजायचे तसं. मध्यरात्रीच्या सुमाराला कॅप्टन हरमनप्रीतने मागे पळत कॅच घेतला, ५२ रन्सनी जिंकलो, खाली रस्त्यावर फटाके, समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी ताट वाजवत होतं. टीव्हीवर मुली रडतायत, आणि मग हरमनप्रीत अमोलसमोर आली आणि वाकून त्याच्या पाया पडली, आणि त्याने तिला उठवून मिठीत घेतलं. अमोलचे केस किती पिकलेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मी रडत होते. माझी लिस्ट, माझी अकरा वर्षं, आईची बादली, सगळंच आठवत होतं, का ते नाही सांगता येणार. बाबा रडले नाहीत. टीव्ही बंद कर म्हणाले आणि झोपायला गेले.

सकाळी साडेसहाला उठले तर हॉलमध्ये दिवा चालू. बाबा स्टुलावर चढायच्या बेतात होते, ओरडलेच मी, या वयात माळ्यावर कसले चढताय. वही मी काढून दिली. धूळ झटकली, एक कसर पळाली, पाचवं पान जपून उलटलं. पेपर दारात येऊन पडला होता, पहिल्या पानावर फोटो.

"कात्री कुठे ठेवलीस गं?" बाबा म्हणाले. "आणि खळ कर जरा. तो ट्यूबमधला गम नको, त्याने कागद काळा पडतो."